पीयूषिका, मधुमेह आणि डॉ. ऊसाय

मधुमेहाचा विचार करताना आपली दृष्टी स्वाभाविकपणे स्वादुपिंडाकडे वळते. १८८९ साली फॉन मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले असता त्यास तीव्र मधुमेह होतो हे दाखविले. १९२१ साली टोरांटो येथे इन्शुलिन हाती आले आणि प्रश्न सुटला असे अनेकांस वाटले. तो तसा सुटलेला नाही, हे ज्यांनी सिद्ध केले ते अर्जेंटिनाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. बेर्नार्दो ऊसाय आपल्या व्यवसायात मात्र फारसे परिचित नाहीत.

ऊसाय यांचा जन्म १८८७ साली ब्युनॉस आयर्स येथे झाला. औषधनिर्मात्या वाचकांस आवर्जून सांगण्यासारखे असे की, ते प्रथम औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर. चौदाव्या वर्षी त्या विद्यालयात प्रवेश, १९०४ साली पदवी, आणि त्यानंतर वैद्यक. १९११ च्या प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता पीयूषिका ग्रंथी, म्हणजेच पिट्युटरी. पुढे काही वर्षे सर्पविषावरही त्यांनी काम केले. परंतु पीयूषिकेचा पाठलाग सुटला नाही.

१९१९ मध्ये वैद्यक विद्यालयाचे शरीरक्रिया-अध्यासन मिळाल्यावर त्यांनी पीयूषिका काढलेल्या कुत्र्यांना इन्शुलिन देऊन पाहिले. एरवी सहज सोसली जाणारी अल्प मात्राही या प्राण्यांना घातक ठरू लागली. म्हणजे इन्शुलिनला विरोध करणारे काहीतरी त्या ग्रंथीबरोबर निघून गेले होते. यानंतर त्यांनी बेडकाच्या कुळातील भेकावर प्रयोग केले. स्वादुपिंड काढले की भेकास मधुमेह होई; त्याबरोबर पीयूषिकाही काढली तर तो अगदी सौम्य राही; आणि ग्रंथीच्या अग्रखंडाचा अंश पुन्हा रोपण केला की व्याधी पूर्ववत उग्र होई. १९३० च्या सुमारास सहकारी बियासोत्ती यांच्यासह हेच त्यांनी कुत्र्यांतही दाखविले. रक्तशर्करा ही एका ग्रंथीची मक्तेदारी नसून परस्परविरोधी स्रावांच्या तोलावर ती अवलंबून असते, असा याचा अर्थ.

हे विरोधी द्रव्य एकच नव्हे. १९३६ साली लाँग व ल्युकेन्स यांनी अधिवृक्क ग्रंथी काढल्यानेही प्रायोगिक मधुमेह सौम्य होतो असे दाखविले. १९४४ मध्ये ली व एव्हन्स यांनी गोवंशीय पीयूषिकेतून वृद्धिसंप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे संप्रेरक बालवयात अस्थींची वाढ घडविते. पण त्याबरोबरच मेदाचे विघटन करून रक्तात मेदाम्ले सोडते व पेशींकडून शर्करेचा उपयोग कमी करविते. हातपाय व जबडा बेढब वाढलेल्या अॅक्रोमेगालीच्या रुग्णात मधुमेह वारंवार का आढळतो, ते यावरून उलगडते. चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात अतिदीर्घ व अतिह्रस्व यांची नावे आरंभीच घेतली, विस्तार मात्र अतिस्थूल व अतिकृश यांचाच केला. या उल्लेखात पीयूषिकेचे ज्ञान शोधू नये. आपल्या ग्रंथांस तशा टेकूची गरज नाही.

१९४३ साली लोकशाहीची मागणी करणाऱ्या जाहीर पत्रकावर सही केल्याबद्दल लष्करी राजवटीने ऊसाय यांना पदच्युत केले. परदेशातून बोलावणी असताही ते मायदेशीच राहिले आणि १९४४ मध्ये खाजगी देणग्यांवर त्यांनी स्वतंत्र संशोधन संस्था उभारली. १९४७ चे नोबेल पारितोषिक कार्ल व गर्टी कोरी या दांपत्यासह त्यांना मिळाले, तेव्हाही ते विद्यापीठाबाहेरच होते. त्यांचे शिष्य लेलुआर यांना १९७० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले त्यांनी पाहिले; १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता आपल्या चिकित्सालयाकडे येऊ. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाची गरज अचानक उतरली की ते श्रेय आपल्या कल्पास देण्याचा मोह होतो. तो आवरावा. वृक्क निकामी होत असतानाही इन्शुलिन कमी लागते, आणि पीयूषिका क्षीण झाली तरीही. या दुसऱ्या अवस्थेस ऊसाय यांचेच नाव आहे. प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीस स्तन्य आले नाही, आर्तव परतले नाही, थकवा व शीतासहत्व वाढत गेले, अशा मधुमेही रुग्णेची साखर खाली येऊ लागली तर मात्रा बदलून थांबू नये. क्रिॲटिनिन, कॉर्टिसॉल व थायरॉईड तपासून तज्ज्ञांकडे पाठवावे.

उलट, नियमित औषध व पथ्य असूनही साखर चढत असेल, तर रुग्ण संधिवातासाठी कुठले निनावी चूर्ण घेतो का, हे विचारावे. अशा चूर्णांत स्टेरॉईड मिसळलेले आढळते, आणि अधिवृक्काच्या स्रावासारखेच ते साखर वाढविते. मात्र ते चूर्ण एकाएकी बंद करविणे धोक्याचे. मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. औषधालयचालकांस आणखी एक. अस्थींची वाढकेंद्रे मिटल्यावर वृद्धिसंप्रेरकानेही उंची वाढत नाही, मग चूर्णाने कशी वाढावी? १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाबरोबर उंचीचेही नाव आहे. फलक रंगविण्यापूर्वी ते वाचून घ्यावे.