लाटांच्या गावी

मुलांनो, समुद्र पाहायला कोणाला आवडत नाही? सुट्टी लागली की आपण कधी अलिबागला जातो, कधी मुरुडला, तर कधी गणपतीपुळ्याला. पाण्यात पाय भिजवतो, वाळूत किल्ले करतो, शिंपले गोळा करतो. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडाला की घरी परततो. पण समुद्राकाठच्या गावी गेल्यावर आणखी काय पाहावे, काय शिकावे आणि पाण्यात केव्हा उतरू नये, याचा विचार आपण क्वचितच करतो. या पाठात आपण समुद्राकाठच्या एका लहानशा गावाची ओळख करून घेऊ. लाटांवर स्वार होण्याच्या खेळासाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. त्याचे नाव अरुगम बे.

अरुगम बे श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, अंपारा जिल्ह्यात आहे. कोलंबोपासून ते सुमारे ३२० किलोमीटर दूर आहे. त्याच्या जवळचे मोठे गाव म्हणजे पोत्तुविल. अरुगम बेमधील बहुतेक लोक मुसलमान आहेत आणि त्यांची बोली तमिळ आहे. तमिळ हिंदू आणि सिंहली बौद्ध लोकही तेथे राहतात. पूर्वीपासून गावाचा मुख्य धंदा मासेमारीचा. आता पाहुण्यांची ये-जा वाढल्यामुळे खानावळी आणि राहण्याची घरेही पुष्कळ झाली आहेत.

आता तुम्ही विचाराल, समुद्र तर सगळीकडे आहे. मग लाटांसाठी लोक येथेच का येतात? त्यासाठी लाट म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल. मराठीत जिला आपण लाट म्हणतो, तिला उर्दूत मौज म्हणतात. वारा पाण्यावरून वाहतो तेव्हा लाट जन्माला येते. जून ते ऑगस्ट या काळात पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. तेव्हा हिंदी महासागराच्या दक्षिण भागात मोठी वादळे होतात. त्या वादळांत उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर अंतर कापून श्रीलंकेला पोहोचतात. पण तेथले पाणी काही इतक्या दूर येत नाही बरे का! एक लांब दोरी जमिनीवर ठेवा आणि तिचे टोक झटक्याने हलवा. झटका दुसऱ्या टोकापर्यंत जाईल, पण दोरी जागेवरच राहील. लाटेचेही तसेच आहे. पुढे जाते ती शक्ती.

किनारा जवळ आला की पाणी उथळ होते. तळामुळे लाटेचा खालचा भाग मंदावतो, वरचा भाग पुढे धावतो आणि लाट कोसळते. याला लाट फुटणे म्हणतात. अरुगम बेच्या दक्षिणेला जमिनीचे एक टोक समुद्रात पुढे आले आहे. लाट आधी या टोकापाशी फुटते आणि मग कडेकडेने फुटत पुढे जाते. ती एकदम कोसळत नाही. म्हणूनच फळीवर उभा राहिलेला खेळाडू तिच्यावरून बराच दूर घसरत जाऊ शकतो. या खेळाला सर्फिंग म्हणतात.

येथे जाण्याचा उत्तम काळ म्हणजे मे ते सप्टेंबर. त्या वेळी कोकणात मुसळधार पाऊस असतो. मात्र श्रीलंकेत नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुख्यतः पश्चिम भागात आणि डोंगराळ प्रदेशात पडतो. पूर्व किनारा बराचसा कोरडा राहतो. सह्याद्रीच्या पूर्वेला जसा पाऊस कमी पडतो, तसाच हा प्रकार समजा.

अशा गावी पोहोचल्यावर पहिले काम कोणते? पहिले काम म्हणजे पहाटे उठणे. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, येथे तो समुद्रातून उगवतो. त्या वेळी कोळ्यांच्या होड्या परत येत असतात. कोकणात किनाऱ्यावरून जाळे ओढण्याची जी रापण असते, तशी पद्धत श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरही आहे. किनाऱ्यावर स्वस्थ बसून हे सारे पाहावे. वारा कोठून येतो, लाटा कोठे फुटतात, कोळी होडी कोणत्या जागेवरून पाण्यात घालतात, हे ध्यानात ठेवावे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे, त्यांच्याइतकी समुद्राची माहिती दुसऱ्या कोणाला असणार?

नंतर सर्फिंग. नवशिक्याने मुख्य टोकाकडे जाऊ नये. तेथे लाटा मोठ्या असतात आणि पाण्याखाली खडक आहेत. शिकणाऱ्यांसाठी गावाजवळ ‘बेबी पॉइंट’ नावाची सौम्य लाटांची जागा आहे. शिक्षक आधी वाळूवरच फळी ठेवून पालथे पडायला आणि चटकन उभे राहायला शिकवतात. फळी दोरीने घोट्याला बांधलेली असते. या खेळाचे काही नियम आहेत. जो लाटेच्या फुटणाऱ्या भागाच्या सर्वांत जवळ असेल, त्याचा त्या लाटेवर पहिला हक्क. इतरांनी थांबावे. पडताना दोन्ही हातांनी डोके झाकावे.

गावातील कोळ्यांची मुले हा खेळ खेळत होतीच. मुली मात्र किनाऱ्यावरून पाहत असत. २०१८ मध्ये येथील स्त्रियांनी आपला स्वतंत्र सर्फिंग गट स्थापन केला. श्रीलंकेतील स्त्रियांचा हा पहिलाच सर्फिंग गट होय.

लाटांशिवायही येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पोत्तुविलच्या खाऱ्या सरोवरात कोळी आपल्या होडीतून पाहुण्यांना खारफुटीच्या झाडांमधून फिरवून आणतात. या झाडांच्या मुळांच्या आश्रयाने माशांची आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. पोत्तुविललाच समुद्रकाठच्या वाळूत मुहुदु महाविहाराचे प्राचीन अवशेष आहेत. राणी विहारमहादेवी समुद्रातून येथे किनाऱ्याला लागली, अशी आख्यायिका आहे. दक्षिणेला पानामा गाव ओलांडून पुढे गेले की कुमना राष्ट्रीय उद्यान लागते. तेथील पाणथळ जागी चित्रबलाक, पाणकावळे, बगळे असे अनेक पक्षी घरटी करतात. त्या वाटेवर हत्तीही दिसतात. हत्ती दिसला तर वाहनातून खाली उतरू नये आणि त्याच्या वाटेत थांबू नये.

भूक लागली तर भात आणि नारळाच्या रसातील माशांचे कालवण मिळते. रोटीचे तुकडे तापलेल्या तव्यावर भाज्या-अंड्यांबरोबर खटखट कापून केलेला ‘कोत्तू’ मिळतो. मातीच्या मडक्यात लावलेले म्हशीचे घट्ट दही ताडाच्या जातीच्या झाडाचा काकवीसारखा पाक घालून खातात. मात्र पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच ठेवावेत. बाजारात जाताना अंगभर कपडे घालावेत. मशिदीत, देवळात, विहारात जाताना तेथील रीत पाळावी. कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

आता या गावाची एक दुःखद गोष्ट ऐका. २६ डिसेंबर २००४ रोजी इंडोनेशियातील सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला. त्यामुळे उठलेल्या सुनामीच्या लाटा सुमारे दोन तासांत श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदळल्या. श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसे मरण पावली. अरुगम बेमधील घरे, होड्या वाहून गेल्या. पोत्तुविलला जोडणाऱ्या पुलाचे नुकसान झाले. लोकांनी पुन्हा घरे बांधली, होड्या पाण्यात घातल्या. २००८ मध्ये नवा पूल झाला. सुनामीपूर्वी कधी कधी समुद्र अचानक खूप मागे हटतो आणि तळ उघडा पडतो. असे दिसले, किंवा किनाऱ्यावर जोराचा भूकंप जाणवला, तर मासे-शिंपले वेचत थांबू नये. ताबडतोब उंच जागी धावावे.

सुनामी क्वचित येते. पण समुद्राचा दुसरा एक धोका रोजचा आहे आणि तो आपल्या किनाऱ्यांवरही आहे. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत समुद्रात जाताना एखाद्या अरुंद वाटेने जोरात ओढले जाते. हा परतीचा प्रवाह माणसाला आत नेतो. गंमत अशी, की जेथे हा प्रवाह असतो तेथे लाटा कमी फुटतात. पाणी शांत आणि गडद दिसते. अजाण माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते आणि तो तेथेच उतरतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ते तुमच्यासारखेच हसत-खेळत घरून निघाले होते. म्हणून पुढील गोष्टी नीट लक्षात ठेवा. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. एकटे जाऊ नका. पावसाळ्यात आणि ओहोटीच्या वेळी कोकणच्या समुद्रात पोहण्याचा मोह टाळा. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. प्रवाहापुढे पट्टीचा पोहणाराही थकतो. घाबरून न जाता पाठीवर तरंगा, हात वर करून मदतीला बोलवा. ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग किनाऱ्याकडे वळा. दुसरा कोणी बुडत असेल तर स्वतः उडी घेऊ नका. मोठ्यांना हाक मारा आणि रिकामा प्लास्टिकचा डबा, चेंडू किंवा दोरी त्याच्याकडे फेका.

अरुगम बेचे पट्टीचे खेळाडूसुद्धा फळी हातात घेऊन आधी काही वेळ किनाऱ्यावर उभे राहतात. लाटा मोजतात, वारा पाहतात आणि मगच पाण्यात शिरतात. तुम्हीही समुद्रावर जाल तेव्हा तसेच करा. आधी पाहा, मग विचारा, आणि मगच पाण्यात उतरा.

स्वाध्याय

१. लाटेबरोबर पाणी दूर जात नाही, हे दोरीच्या उदाहरणाने सांगा.
२. अरुगम बेची लाट सर्फिंगसाठी सोयीची का आहे?
३. परतीचा प्रवाह कसा ओळखाल? त्यात सापडल्यास काय कराल?
४. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा ओळखीतील कोणी समुद्रकाठी राहत असेल, तर भरती-ओहोटीविषयी त्यांना विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत मराठीत लिहा.