शर्यतीतले नवे भिडू

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर एक बातमी अधूनमधून हमखास दिसते. अमुक एक बडा कारखाना फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणार आहे, तमक्या देशाचा संघ तयार होतो आहे, आणि त्याला इंजिन कोण देणार याविषयी तर्कवितर्क चालू आहेत. शाळेतली मुले अशा बातम्या आवडीने वाचतात आणि गुरुजींना विचारतात, “हे खरोखर होणार का हो?” उत्तर द्यायचे तर हा खेळ चालतो कसा, ते आधी पाहिले पाहिजे.

फॉर्म्युला वन ही मोटारींच्या शर्यतींतली सर्वांत वरची पायरी. तिची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५० साली इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे सुरू झाली. ‘फॉर्म्युला’ म्हणजे नियमांचा संच. गाडी केवढी असावी, इंजिन कसे असावे, इंधन कोणते वापरावे, हे सारे त्यात येते. हे नियम एफ.आय.ए. ही जागतिक मोटार संस्था ठरवते. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात. २०२५ साली दहा संघ होते, म्हणजे वीस गाड्या झाल्या.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपल्याकडे बैलगाडीच्या शर्यतीत छकडा एकाचा आणि बैल दुसऱ्याचे, असे पुष्कळदा असते. इथेही तसेच आहे. गाडीचा सांगाडा संघाने आपला आपण घडवायचा. इंजिन मात्र दुसऱ्याकडून घेतले तरी चालते. फेरारी दोन्ही स्वतः करते. मॅक्लारेनने मर्सिडीजचे इंजिन बसवून २०२४ आणि २०२५ साली संघांचे अजिंक्यपद पटकावले. तेव्हा नवा भिडू दोन वाटांनी येऊ शकतो. एक वाट संघाची, दुसरी इंजिनाची.

या दोन वाटा एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, हे १९६७ साली दिसले. त्या वर्षी फोर्ड कंपनीच्या पैशावर इंग्लंडच्या कॉसवर्थ या छोट्या कारखान्याने आठ सिलिंडरांचे एक इंजिन बनवले. हॉलंडमधल्या पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कने ते लोटस गाडीतून जिंकून दाखवले. पुढे हे इंजिन कोणालाही विकत मिळू लागले. मग काय! चार हुशार कारागीर आणि एक शेड एवढ्या भांडवलावर माणसे संघ उभा करू लागली. टायरेल आणि विल्यम्स हे संघ याच इंजिनाच्या बळावर अजिंक्य झाले. १९८३ पर्यंत या इंजिनाच्या नावावर १५५ विजय जमा झाले. चांगले इंजिन बाजारात मिळते, तेव्हा नव्या संघांना दार उघडते, हा त्यातला धडा.

मग इंजिनाचे कारखानदार येतात केव्हा? बहुधा नियम बदलतात तेव्हा. जुन्या नियमांत जो मुरला आहे, त्याला नवख्याने गाठणे कठीण. नवे नियम आले की सगळ्यांची पाटी कोरी होते. २०२६ पासूनच्या इंजिनाचे नियम २०२२ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाले. जुन्या इंजिनात धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या उष्णतेपासून वीज मिळवणारे एक यंत्र होते. ते फार खर्चाचे आणि फार नाजूक. नव्या नियमांत ते काढून टाकले. चाकांना जोर देणाऱ्या विजेच्या मोटारीची शक्ती मात्र १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर नेली. त्यामुळे गाडीचा साधारण निम्मा जोर विजेचा झाला. शिवाय इंधन जमिनीतून काढलेल्या तेलाचे चालणार नाही, असे ठरले. विजेच्या गाड्या विकणाऱ्या कारखान्यांना हे सोयीचे होते. त्याच ऑगस्टमध्ये जर्मनीच्या आउडीने येण्याचे जाहीर केले. २०२३ च्या फेब्रुवारीत फोर्डने रेड बुल संघाशी हातमिळवणी केली. जाण्याची घोषणा करून बसलेली जपानची होंडा त्याच वर्षी मे महिन्यात ॲस्टन मार्टिन संघासाठी परत फिरली. पोर्शे कंपनी येणार, अशीही मोठी हवा होती. पण रेड बुलशी चाललेली बोलणी २०२२ च्या सप्टेंबरात फिसकटली आणि ती बातमी हवेतच विरली.

येणे आपण पाहिले. आता जाणे पाहू. होंडा १९६४ साली आली, १९६८ नंतर गेली. १९८३ साली पुन्हा आली, १९९२ नंतर पुन्हा गेली. स्वतःचा संघ चालवून २००८ च्या डिसेंबरात तिसऱ्यांदा गेली; तेव्हा जगभर मंदी होती. पुढल्याच वर्षी बीएमडब्ल्यू आणि टोयोटा यांनीही मुक्काम हलवला. टोयोटाने २००२ पासून १३९ शर्यती केल्या, पण एकही जिंकली नाही. फ्रान्सच्या रेनोने २०२४ साली जाहीर केले की, २०२५ नंतर आपण इंजिने बनवणार नाही. मोठ्या कंपनीला शर्यत म्हणजे जाहिरातीचा एक खर्च असतो. वर्षाचा हिशेब जुळला नाही की ती कात्री तिथेच चालवते. पण त्या इंजिनावर ज्यांचा संघ उभा असतो, आणि त्या कारखान्यात ज्यांचे हात राबत असतात, त्यांच्या पायाखालची जमीनच सरकते.

तरीही या खेळात एक मोठी गंमत आहे. मालक जातो, पाटी बदलते, पण कारखाना बहुधा टिकतो. होंडाने सोडलेला संघ रॉस ब्रॉन यांनी आपल्या नावाने चालवला आणि २००९ चे अजिंक्यपद मिळवले. तोच संघ मग मर्सिडीजने घेतला. स्वित्झर्लंडच्या पीटर साउबर यांचा संघ १९९३ साली या स्पर्धेत आला. मध्यंतरी तो बीएमडब्ल्यूचा झाला, पुन्हा साउबरांकडे आला, आणि आता त्याच्यावर आउडीची पाटी आहे. आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे ‘फोर्स इंडिया’. विजय मल्ल्या यांच्या मालकीचा हा संघ २००८ पासून भारताच्या नावाने धावला. पण त्याचा कारखाना होता सिल्व्हरस्टोनला. १९९१ साली एडी जॉर्डन यांनी स्पर्धेत आणलेला तोच हा संघ. २०१६ आणि २०१७ साली तो चौथा आला. २०१८ च्या जुलैत मात्र कर्जापायी तो प्रशासकाच्या हाती गेला, आणि चारशेवर माणसांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. त्याच संघाचा चालक सर्जिओ पेरेझ याचे पैसे थकले होते. संघ कायमचा बंद पडू नये म्हणून त्यानेच कोर्टात अर्ज केला. नवे मालक मिळाले, नोकऱ्या वाचल्या. आज त्या जागी ॲस्टन मार्टिनची पाटी आहे.

तुम्ही म्हणाल, जुने कारखानेच का विकत घ्यायचे? नवा संघ का काढू नये? इथे पंगतीचा हिशेब आडवा येतो. स्पर्धेच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा संघांत वाटला जातो. दहा पाने मांडून झाली आहेत, आणि अकरावा पाहुणा दारात उभा राहिला, तर प्रत्येकाच्या पानातले थोडे कमी होणार. ही भीती पोकळ नाही. २०१६ साली अकरा संघ होते आणि दहाव्या व अकराव्या क्रमांकांच्या बक्षिसांत मोठा फरक होता. मॅनॉर हा छोटा संघ एका गुणावर दहावा होता. ब्राझीलच्या पावसात साउबरचा चालक नवव्या क्रमांकावर आला आणि त्या संघाला दोन गुण मिळाले. मॅनॉर अकरावा झाला. दोन महिन्यांत तो दिवाळखोरीत निघाला आणि दोनशेवर माणसे घरी बसली. तो एक पाऊस पडला नसता, तर कदाचित आज पाट्या निराळ्या दिसल्या असत्या.

याच मॅनॉरची सुरुवात २०१० साली ‘व्हर्जिन’ या नावाने झाली होती. त्या वर्षी खर्चाला लगाम बसेल या आशेवर तीन नवे संघ आले. चौथा, अमेरिकेचा, मैदानापर्यंत पोचलाच नाही. आणि आलेल्या तिघांपैकी २०१७ सालची पहिली शर्यत पाहायला एकही उरला नाही. कारण खर्चाची ती मर्यादा त्या वेळी आलीच नाही. ती आली २०२१ साली, वर्षाला १४.५ कोटी डॉलर.

म्हणूनच अमेरिकेच्या अँड्रेटी घराण्याने संघ काढायचे ठरवले, तेव्हा त्यांची वाट बिकट झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात एफ.आय.ए.ने होकार दिला. २०२४ च्या जानेवारीत स्पर्धेचा व्यापार पाहणाऱ्या कंपनीने नकार दिला. संघ स्पर्धेची किंमत वाढवणार नाही, असे तिचे म्हणणे. पुढे जनरल मोटर्स ही बलाढ्य कंपनी स्वतः पुढे झाली, आपले इंजिन बनवण्याचा शब्द दिला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये २०२६ पासूनचा अकरावा संघ म्हणून ‘कॅडिलॅक’ला मान्यता मिळाली. पहिली काही वर्षे इंजिन फेरारीचे, आणि स्वतःचे २०२९ पासून, असा बेत ठरला. विशेष म्हणजे संघाची सूत्रे आली ग्रॅम लाउडन यांच्या हाती. मॅनॉरची सुरुवातीची वर्षे त्यांनीच सांभाळली होती. चालकांच्या जोडीत आहे तो सर्जिओ पेरेझ. पोळलेली माणसे नव्या घराचा पाया भरायला घेतली, हे शहाणपणाचेच म्हणायचे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, पुढच्या वेळी मुले अशी बातमी घेऊन आली, तर त्यांनाच चार प्रश्न विचारा. कारखाना कुठे आहे आणि त्यात माणसे कामाला लागली का? इंजिन कोणाचे, आणि किती वर्षांच्या कराराने? नियम बदलण्याची वेळ जवळ आली आहे का? आणि पहिली दोन-तीन वर्षे हरण्याचा खर्च कोण सोसणार? या चारांची उत्तरे मिळाली, तर बातमीत दम आहे असे समजावे. नुसते बोधचिन्ह आणि रंगवलेली गाडी दाखवली असेल, तर अजून पेरणीच व्हायची आहे. खळ्यावरच्या राशीच्या गोष्टी इतक्यात नकोत.