पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे काय?

घरांतील वडील माणूस अतिदक्षता विभागांत असलें, म्हणजे बाहेर बसलेल्या मंडळींचें लक्ष रक्ततपासणीच्या कागदाकडे लागतें. पांढऱ्या पेशींचा आंकडा वाढलेला दिसला, कीं ‘जंतुदोष झाला’ असा निर्णय मंडळी आपणच करून टाकतात, आणि जालीम प्रतिजैविक द्यावें म्हणून डॉक्टरांच्या मागें लागतात. हा निर्णय पुष्कळदां चुकीचा असतो, हें आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाचें आहे.

प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत या पेशी साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. परंतु त्यांतील न्यूट्रोफिल जातीच्या जवळजवळ निम्म्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात व मोजणींत येत नाहींत. मोठी शस्त्रक्रिया, भाजणें, हाड मोडणें, हृदयविकाराचा झटका, फेफरें असा आघात होतांच ॲड्रिनलिनच्या योगानें त्या प्रवाहांत उतरतात. कॉर्टिसोल अस्थिमज्जेंतील सांठाहि बाहेर काढतें. जंतु एकहि नसतां आंकडा चढतो, तो असा. स्वादुपिंडाचा दाह, प्लीहा काढून टाकणें, लिथियमसारखीं औषधें हींहि कारणें आहेत. दमा किंवा कोविडसाठीं दिलेलें स्टेरॉइड तर नेहमींचेंच कारण होय.

१९९१ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या परिषदेनें १२,००० वरील आंकडा ही शरीरव्यापी दाहाच्या चार खुणांपैकीं एक मानिली. मात्र २०१६ च्या नव्या व्याख्येनें रक्तदोषाची ओळख या खुणांवरून न करतां, जंतुदोषामुळें अवयवांचें कार्य बिघडलें आहे काय, यावरून करावी असें ठरविलें.

म्हणून डॉक्टर ताप, रक्तदाब, श्वास, लघवी, जखम व शिरेंतील नळी पाहतात. अपक्व पेशी वाढल्या आहेत काय हें तपासतात. रक्त जंतुपरीक्षेस पाठवितात. विनाकारण दिलेलें प्रतिजैविक निरुपद्रवी नसतें. त्यानें मूत्रपिंडास इजा होऊं शकते, घातक अतिसार जडूं शकतो, आणि औषधाला न जुमानणारे जंतु माजतात.

याची दुसरी बाजूहि विसरूं नये. वृद्धांत भयंकर जंतुदोष असूनहि कधीं कधीं आंकडा वाढत नाहीं, कधीं उतरतोहि. आणि खऱ्या रक्तदोषांत औषधाला झालेला उशीर प्राणावर बेततो. तेव्हां औषध द्या किंवा देऊं नका, असा हट्ट कुटुंबीयांनीं धरूं नये. ‘रुग्णाला स्टेरॉइड चालू आहे काय? आंकडा कालच्यापेक्षां चढता आहे कीं उतरता? जंतुपरीक्षेंत काय निघालें?’ एवढे तीन प्रश्न शांतपणें विचारावे. पूर्वीचे आजार व घरीं चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांच्या हातीं द्यावी. आपल्याकडून होण्याजोगी खरी मदत ती हीच.