विश्लेषण : काट्यावर वजन वाढले, मैदानावर ताकद वाढली का?

महाविद्यालये सुरू झाली की कबड्डी, कुस्ती, फुटबॉल खेळणाऱ्या आणि सोबतीला भरतीची तयारी करणाऱ्या मुलांपुढे एक प्रश्न हमखास येतो: वजन कसे वाढवायचे? पुलगावला लागून असलेले नाचणगाव याला अपवाद नाही. उत्तर बरेचदा जिममधल्या पावडरीच्या डब्यात शोधले जाते. वजन आणि ताकद यांचे नाते मात्र इतके सरळ नाही. शिवाय विदर्भातल्या मुलांसाठी यात एक जोखीम आहे, जिची चर्चा जिममध्ये सहसा होत नाही.

वजनाचा एवढा आग्रह का?

कबड्डीत वरिष्ठ पुरुषांसाठी ८५ किलो आणि महिलांसाठी ७५ किलो ही वजनाची कमाल मर्यादा आहे. किमान मर्यादा नाही. त्यामुळे १३ बाय १० मीटरच्या मैदानात ५८ किलोच्या मुलाने ८० किलोच्या चढाईपटूचा घोटा धरायचा, असा प्रसंग महाविद्यालयीन सामन्यात सहज येतो. पकड बसते, पण समोरचा ओढून मध्यरेषा गाठतो. मग मुलगा ठरवतो, वजन वाढवायला हवे. यात चूक काही नाही.

कुस्तीत वजन हा खेळाचा पायाच. महाराष्ट्र केसरीच्या गटात उतरायचे तर ८६ ते १२५ किलोच्या दरम्यान असावे लागते. नाचणगाव ज्या देवळी तालुक्यात येते, त्याच देवळीचे माजी खासदार रामदास तडस हे विदर्भ केसरी किताब मिळवलेले कुस्तीगीर. म्हणजे आखाडा आणि खुराक हे शब्द या भागाला नवे नाहीत.

फुटबॉलचे गणित उलट आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये आघाडीच्या फळीतले महाविद्यालयीन खेळाडू १३० किलोच्या पुढे असणे नेहमीचे, कारण तिथे समोरच्याला अंगाने रोखणे हेच काम. आपल्याकडे नागपूर-कामठीत रुजलेल्या फुटबॉलमध्ये मात्र खेळाडूला दीड तास धावायचे असते. तिथे दहा किलो जास्तीचे वजन हे ओझेच. हाच नियम पोलीस भरतीलाही लागू पडतो. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. ७.२६० किलोचा गोळा फेकायला वजनदार शरीर मदत करते, १६०० मीटरला तेच आडवे येते. अंगावर काय चढले, स्नायू की चरबी, यावर बाकी सगळे ठरते.

खाशाबांचे पाच किलो

महाराष्ट्रातले याचे सर्वांत बोलके उदाहरण जुने आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात उतरले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. त्यांच्या हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. वजनगटाची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. चार वर्षांत एक गट वर, म्हणजे पाच किलो. आज जिममध्ये तेवढेच वजन सहा आठवड्यांत वाढवून देण्याची हमी मिळते.

ताकद नेमकी कशी वाढते?

वजन उचलायला सुरुवात केल्यावर पहिले सहा-आठ आठवडे ताकद झपाट्याने वाढते, पण दंड फारसे फुगत नाहीत. कारण या काळात बदल होतो तो मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंमध्ये. असलेल्या स्नायूंपैकी अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकते. स्नायू जाड होण्याचे काम त्यानंतर दिसू लागते. नेमक्या याच टप्प्यावर ‘अंग भरत नाही’ म्हणून अनेक जण व्यायाम सोडतात किंवा डब्याकडे वळतात.

दुसरे सूत्र भार हळूहळू वाढवण्याचे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायांत ताकद परत आणण्यासाठी टप्प्याटप्प्याने भार वाढवण्याची पद्धत वापरली. आजचे सगळे वेट ट्रेनिंग त्याच पायावर उभे आहे. आपल्या तालमीतल्या जोर-बैठका उत्तम, पण त्यांची एक मर्यादा आहे. दोनशे बैठका मारणाऱ्याने तीनशे मारल्या तर दम वाढतो, ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. ताकदीसाठी खांद्यावर भार हवा. लोखंडी बार नसेल तर वाळूचे पोते चालते. आठवड्यातून तीन दिवस, बैठक, जमिनीवरून उचलणे, छातीचा जोर, डोक्यावर ढकलणे आणि लोंबकळून वर खेचणे एवढ्या पाच हालचाली पुरतात. ठरलेल्या आवर्तनांत भार सहज जमू लागला की दोन-अडीच किलो वाढवायचा. दोन व्यायामांमध्ये एक दिवस मोकळा आणि रात्री आठ तासांची झोप, यात तडजोड नको.

वजन उचलल्याने उंची खुंटते, हा घरोघरचा समज. योग्य पद्धतीने, देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने असे होते याला पुरावा नाही. उंची खुंटते ती वेगळ्याच गोष्टीने, ते पुढे येईलच.

खायचे किती आणि काय?

रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि सोबत भाराचा व्यायाम केला तर महिन्याला साधारण एक किलो वजन वाढते. याहून वेगाने वाढलेले बहुतेक वजन पोटावर जाते. म्हणजे ५८ चे ६५ व्हायला सात-आठ महिने धरावे लागतात. हंगाम तोंडावर आल्यावर हे होत नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरुवात करावी लागते.

प्रथिनांचा हिशेब असा. सामान्य माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. भाराचा व्यायाम करणाऱ्याला १.६ ते २ ग्रॅम लागतात. ५८ किलोच्या मुलासाठी हा आकडा ९० ते ११५ ग्रॅम होतो. आता घरचे ताट पाहू. ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून २६ ग्रॅम, तीन अंड्यांतून १८, अर्धा लिटर दुधातून १६, वाटीभर कोरड्या तूरडाळीतून १३, मूठ-दोन मूठ शेंगदाण्यांतून १२ आणि दिवसभराच्या पोळ्या-भाकरीतून पंचवीसएक. बेरीज ११० वर जाते. अंडी चालत नसतील तर फुटाणे आणि पनीर-दही वाढवावे लागते. वर्ध्याचा गोरसपाक कितीही प्रिय असला तरी त्याने कॅलरी भरतात, प्रथिने नाहीत.

सोयाबीन आणि तूर ही तर वर्धा जिल्ह्याच्या शेतातलीच पिके. सोयाबीनचा या जिल्ह्याशी संबंध त्याहून जुना आहे. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सहनिवासींच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिले होते आणि ‘हरिजन’मधून त्यावर लिहिलेही होते. आज हाच शेतमाल घाऊक दराने जिल्ह्याबाहेर जातो आणि शेतकऱ्याचा मुलगा प्रथिनांसाठी दोन-अडीच हजारांचा डबा आणतो.

डब्यात नेमके काय असते?

व्हे प्रोटीन हे दुधापासूनच बनते. ते औषध नाही आणि विषही नाही. अडचण भरवशाची आहे. केरळमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये भारतीय बाजारातल्या ३६ प्रथिन पावडरी तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. १४ टक्के नमुन्यांत बुरशीजन्य विषारी घटक आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. ‘मास गेनर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत तर मोठा भाग साखर-पिठासारख्या कर्बोदकांचा असतो. क्रिएटिन हा बऱ्यापैकी अभ्यासलेला घटक आहे, पण त्याने पहिल्या काही दिवसांत वाढणारे किलो-दीड किलो हे स्नायूंत साठलेले पाणी असते.

खरा धोका त्यापुढच्या पायरीवर आहे. शस्त्रक्रियेदरम्यान घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइन हे इंजेक्शन जिममधल्या मुलांना विकले जात असल्याची प्रकरणे पुण्यासह राज्यात उघडकीस आली आहेत. त्याने थकवा जाणवत नाही. स्नायू वाढत नाहीत, हृदयावर ताण मात्र येतो. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडने स्नायू खरोखर वाढतात, म्हणूनच मोह मोठा. पण बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते. यकृत, हृदय, प्रजननक्षमता यांवर परिणाम होतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या हाडांची वाढीची टोके वेळेआधी बंद होऊ शकतात. पोलीस भरतीत पुरुषांसाठी उंचीची अट १६५ सेंटिमीटरची आहे. १६३ वर अडकलेल्या मुलाने अंग भरण्यासाठी घेतलेले इंजेक्शन त्याला भरतीतूनच बाद करू शकते.

खेळाडूसाठी आणखी एक धोका म्हणजे बंदीचा. उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांत ‘मला माहीत नव्हते’ ही सबब चालत नाही. शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूची. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात २०१६ मध्ये मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडले. जेवणात कुणीतरी भेसळ केली, असे त्याचे म्हणणे होते आणि देशातील संस्थेने ते मान्यही केले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मात्र ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा धरणाऱ्यासाठी बंदीचा शिक्का म्हणजे ती वाट बंद.

वाढवलेले वजन ऐनवेळी उतरवणे

कुस्तीत हा प्रकार उलट्या टोकाला जातो. पॅरिसमध्ये २०२४ साली अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी रात्रभरात ४.६ किलो वजन उतरवले आणि ५७ किलो गटातच पदक मिळवले. त्याच स्पर्धेत विनेश फोगट १०० ग्रॅमने अपात्र ठरली. दोघांच्याही दिमतीला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांची फौज होती. गावात हाच प्रयोग पाणी तोडून, स्वेटर घालून उन्हात पळून केला जातो. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस जेमतेम महिनाभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असे वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे घाम काढण्याचे सूट आणि तापवलेल्या खोल्यांवर बंदी आली. वर्ध्याच्या मे महिन्यात तापवलेल्या खोलीची गरज नसते.

विदर्भातली वेगळी जोखीम

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या समाजांत, राज्याच्या इतर भागांपेक्षा जास्त आढळतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आला असेल तर व्यक्ती फक्त ‘वाहक’ असते. तिला एरवी काहीही त्रास होत नाही, त्यामुळे ठाऊकही नसते. पण अतिशय तीव्र, सलग, विश्रांतीविना केलेल्या व्यायामात, त्यातही उष्णतेत आणि पाणी कमी पडल्यास, वाहकाच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तप्रवाह अडवू शकतात. स्नायू फुटतात, मूत्रपिंड निकामी होते, प्रसंगी मृत्यू येतो.

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलने हे किंमत मोजून शिकले. २००६ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा खेळाडू सरावातल्या सलग धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दगावला. तो सिकलसेल वाहक होता, हे आधी कुणाला माहीत नव्हते. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतील महाविद्यालयीन खेळाडूंसाठी ही चाचणी नियमात आली. वाहकाने खेळू नये, असा मात्र याचा अर्थ नाही. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार सैनिकांच्या २०१६ च्या अभ्यासात वाहकांमध्ये श्रमामुळे स्नायू फुटण्याचे प्रमाण ५४ टक्के जास्त आढळले, पण मृत्यूचे प्रमाण इतरांएवढेच राहिले. पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव हे तिथे सगळ्यांनाच सक्तीचे होते.

देशात १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत होते. बोटाच्या टोकातल्या रक्ताच्या थेंबावर प्राथमिक चाचणी होते, दोष दिसला तर पुढची तपासणी केली जाते. खेळाडू वाहक निघाला तर बदल मोजकेच करायचे असतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जोरदार धावा नकोत, दोन धावांमध्ये पूर्ण श्वास जागेवर येईपर्यंत थांबा हवा, ताप किंवा जुलाब असताना सराव बंद. पायांत गोळे येण्याऐवजी अचानक अशक्तपणा आणि वेदना जाणवल्या तर त्याच क्षणी थांबून दवाखाना गाठायचा. ‘पोरगं नाटक करतंय’ म्हणून आणखी एक फेरी मारायला लावणारा प्रशिक्षक अशा वेळी सर्वांत धोकादायक ठरतो.