इक्वॉल

इक्वॉल हे सोयाबीनमधील डाइडझीन या आयसोफ्लेव्होनपासून आतड्यातील जिवाणूंनी तयार केलेले संयुग होय. मानवी पेशी ते स्वतः बनवू शकत नाहीत. इ.स. १९३२ मध्ये ते प्रथम गाभण घोडीच्या मूत्रातून वेगळे करण्यात आले; घोड्याच्या लॅटिन नावावरून हे नाव पडले.

ॲडलरक्रॉयट्झिया व स्लॅकिया या प्रजातींतील काही जिवाणू ही प्रक्रिया घडवतात. पाश्चात्त्य देशांत सुमारे २५ ते ३० टक्के, तर जपान, कोरिया व चीनमध्ये सुमारे ५० ते ६० टक्के प्रौढांत इक्वॉल तयार होते. ते डाइडझीनपेक्षा इस्ट्रोजेनच्या ग्राहींशी अधिक घट्ट बांधले जाते. म्हणून सोयाबीनच्या परिणामांचा अभ्यास करताना इक्वॉल बनणाऱ्या व न बनणाऱ्या व्यक्तींची नोंद वेगळी ठेवावी लागते. अन्यथा एकत्रित सरासरीत एका गटावरील परिणाम झाकला जाऊ शकतो.