कोल्हापूरकडं तोंड केलेली अँटेना

निपाणीत आमच्या घरी टीव्ही लावायचा म्हणजे दोन माणसं लागायची. एक कौलांवर, एक खाली सेटपाशी. वरून हाक यायची, "आलं काय रे?" खालून ओरड, "आवाज आला, चित्र न्हाई! अजून जरा कोल्हापूरकडं!" पाईप बोटभर फिरला की पडद्यावरच्या मुंग्या विरळ व्हायच्या. "बास बास, तिथंच ठीव!" आणि वरच्या अण्णांनी पाईपवरचा हात काढला की चित्र पुन्हा गायब.

कोल्हापूर उत्तरेला, चाळीसेक किलोमीटरवर. बेळगाव दक्षिणेला, त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर, आणि वाटेत तवंदीचा घाट आडवा. त्यामुळे आमची अँटेना कोल्हापूरकडं पाहायची आणि संध्याकाळी मराठी बातम्या यायच्या. बेळगावात शहापूरच्या मामांकडं त्याच वेळी कन्नड बातम्या लागलेल्या असायच्या. सीमाभागात अँटेनाचं तोंड कुठं करायचं हा प्रश्न भाषेचाही होता, आणि तो घरोघर कौलांवर चढून सोडवला जायचा.

ही अँटेना यागी-उदा जातीची. १९२६च्या सुमारास जपानमध्ये सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांच्या कामातून ती जन्मली. मागची दांडी किंचित लांब, ती लहर परतवते. तिच्यापुढची, वायर जोडलेली, लहर पकडते. पुढच्या आखूड दांड्या लहरीला वाट दाखवतात. दांड्या वाढवल्या की लांबचं सापडतं, पण नजर अरुंद होते, म्हणून तर बोटभर फिरवण्याला एवढं महत्त्व. दांडीची लांबी साधारण लहरीच्या निम्मी लागते. कमी वारंवारितेच्या जुन्या चॅनेलसाठी अडीच-तीन मीटर रुंदीची अँटेना लागायची, जास्त वारंवारितेच्या यूएचएफला फूटभर दांडी पुरते.

बाजारात 'डिजिटल अँटेना' हा शब्द सर्रास चालतो. मला तो पटत नाही. धातूच्या दांडीला लहर अॅनालॉग की डिजिटल हे कळत नाही, तिला कळते फक्त लांबी आणि दिशा. फरक पडतो तो पडद्यावर. अॅनालॉग सिग्नल अशक्त झाला तरी मुंग्यांमधून माणूस ओळखू यायचा. डिजिटल चित्र एक तर लख्ख येतं, नाही तर चौकोन चौकोन होऊन थिजतं. मध्ये काही नाही.

दूरदर्शनने २०१६मध्ये मुंबई, बेंगळुरूसारख्या मोजक्या शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, बेळगाव त्यात नव्हतं. पुढं २०२२पर्यंत देशातली बहुतेक जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं बंद झाली. तेव्हा इथल्या छपरावर फुकटात डिजिटल चित्र हवं असेल तर एकच अँटेना योग्य, छत्री. २००४मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेला, म्हणजे आजच्या डीडी फ्री डिशला, महिन्याचे पैसे नाहीत.

मामांच्या गच्चीवर छत्री बसवताना मी स्वतः हात लावला. उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर. बेळगावहून पाहिलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर. छत्री मात्र एवढं वर पाहताना दिसत नाही, कारण तिचा डोळा, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, मध्यावर नसून खालच्या बाजूनं पुढं आलेला असतो. फिटरनं आधी ओळंबा धरून खांब उभा केला. तो तिरका असेल तर पुढचं सगळं मापन फुकट. एका अंशाची चूक छत्तीस हजार किलोमीटरवर सहाशे किलोमीटरची होते, आणि दीड अंशावर दुसऱ्याच कंपनीचा उपग्रह आहे. आग्नेयेला शेजारचा फणस आडवा येत होता, म्हणून खांब टाकीच्या पलीकडं न्यावा लागला.

आकारात काटकसर करू नये. बेळगावचा पाऊस जोराचा, आणि उपग्रहाकडून येणाऱ्या कू-बँडच्या लहरी पावसात विरतात. साठ सेंटीमीटरची छत्री उन्हाळ्यात पुरते, पण आषाढात नव्वदची असेल तर चित्र जास्त वेळ टिकतं. वायर आणि डोळा जिथं जुळतात तिथं पाणी शिरू देऊ नये, यावर माझा भर आहे. निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

खाली मामी रिमोट घेऊन बसल्या होत्या. "आलं काय?" मी वरून विचारलं. मराठी सह्याद्री आलं होतं. दोन बटणांनंतर कन्नड चंदनाही आलं, छत्री न हलवता.

निपाणीतला जुना पाईप अजून उभा आहे. वाऱ्यात डुलणाऱ्या त्या बारीक नळीवर छत्री पेलत नाही, म्हणून तिथं ती भिंतीला ठोकली. वर यागी आहे, पुढच्या दोन दांड्या नसलेली, तोंड कोल्हापूरकडं.