दप्तराची किल्ली : सरस्वतीपूजनाच्या दिवशी एक चिंतन

आज विजयादशमी. घरोघरी पाटावर वस्त्र अंथरून त्यावर पोथ्या, वह्या आणि लेखणी मांडली जाईल. पाटीवर एकाच्या अंकांची सरस्वती रेखाटली जाईल, झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान वाहून थोरामोठ्यांसह मुलेबाळे हात जोडतील. अक्षर म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते, असा अर्थ आपण मुलांना सांगतो. परंतु ते अक्षर ज्या कागदावर उमटते, तो कागद मात्र नाशवंत असतो, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच जुने लेखनिक पोथी पुरी झाल्यावर शेवटच्या पानावर वाचकाची विनवणी करीत, की या ग्रंथाला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि अडाण्याच्या हाती देऊ नका.

काही वर्षांपूर्वी कोकणातील एका जुन्या देवस्थानास जाण्याचा योग आम्हांस आला. देवस्थानाची मोडी कागदपत्रे पाहावीत, अशी इच्छा होती. वृद्ध पुजारीबुवांनी सांगितले, की त्यांच्या आजोबांच्या वेळी पोटमाळ्यावर सात रुमाल होते. आम्ही वर चढून पाहिले, तेव्हा एकच रुमाल हाती लागला, आणि त्याचीही वाळवीने चाळण केलेली. बाकीचे कोठे गेले, असे विचारता कळले, की जीर्णोद्धाराच्या वेळी साफसफाई झाली, त्यात ते रद्दीत गेले. देऊळ नवे झाले, कळस झळाळू लागला. पण त्या देवळाला इनाम कोणी दिले, उत्सवाचा मान कोणत्या घराण्याकडे होता, दुष्काळात कोठीतून धान्य कोणाला वाटले, हे सांगणारा साक्षीदार कायमचा मुका झाला.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. पिढ्यान्‌पिढ्या कागद जपायचे असतील, तर नुसती श्रद्धा पुरते काय? की त्यासाठी काही नियम, काही शिस्त, काही उत्तरदायित्व लागते? याचा शोध घेताना आमची दृष्टी गेली ती गोव्याकडे. आमच्या वाचकांपैकी अनेकांची कुलदैवते त्या भूमीत आहेत. आणि त्याच भूमीत ख्रिस्ती धर्मसंस्थेचे एक अतिशय जुने दप्तरही आहे.

पणजीच्या टेकडीवरील दप्तर

पोप तिसरा पॉल याच्या १५३४ सालच्या आज्ञापत्राने गोव्याच्या धर्मप्रांताची घडण झाली, आणि त्याच शतकात त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर आर्चबिशपांचा वाडा आहे आणि महाधर्मप्रांताचे ऐतिहासिक दप्तर तेथे सांभाळले जाते. ज्या दप्तरखान्यात पिसुर्लेकरांसारख्या संशोधकांनी आयुष्य वेचले, तो पोर्तुगीज सरकारचा दप्तरखाना याहून निराळा. त्याचा आरंभ १५९५ साली इतिहासकार दियोगु दु कोतु याच्या नेमणुकीने झाला, आणि आज तो गोवा शासनाच्या पुराभिलेख खात्याकडे आहे. एक दप्तर राज्याचे, दुसरे धर्मसंस्थेचे. दोन्ही एकमेकांस पूरक आहेत.

धर्मप्रांताच्या दप्तरात असते तरी काय? बिशपांची आज्ञापत्रे, चर्चच्या मिळकतींचे हिशेब, धर्मगुरूंच्या नेमणुका, तपासणीच्या दौऱ्यांची टिपणे आणि गावोगावच्या चर्चमधून आलेली नोंदणीपुस्तके. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने असा दंडक घातला, की प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची नोंदवही ठेवावी आणि तीत वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस व स्थळ लिहावे. बाप्तिस्म्याचीही नोंद ठेवावयाची होती. पुढे १६१४ साली मृत्यूच्या नोंदीची भर पडली. राजा असो वा मजूर, जन्म, विवाह आणि मरण या तिन्ही प्रसंगी त्याचे नाव कागदावर चढू लागले.

ही गोष्ट आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला जाऊन क्षेत्रोपाध्यायांकडे आपले गाव व आडनाव सांगितले, की ते लांबलचक वही उलगडतात आणि आपल्या पणजोबांची सही आपल्यापुढे ठेवतात. त्या सहीवर बोट फिरवताना डोळे पाणावले नाहीत, असा मनुष्य विरळा. चर्चच्या नोंदवहीत आपल्या पूर्वजाचे नाव शोधणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाची भावना याहून वेगळी कशी असेल?

किल्ली कोणाकडे, यादी कोणाकडे

परंतु भावनेपेक्षाही आम्हांस विचार करावयास लावले ते त्यामागील नियमांनी. १९८३ साली अमलात आलेल्या कॅथलिक धर्मविधानात या विषयास स्वतंत्र कलमे दिलेली आहेत. प्रत्येक धर्मप्रांताच्या कार्यालयात सुरक्षित जागी दप्तर असावे, ते नीट लावून बंद ठेवावे, त्यातील कागदांची सूची करावी आणि प्रत्येक कागदात काय आहे, याचा थोडक्यात सारांश त्या सूचीत द्यावा, असे ते सांगते. दप्तराची किल्ली दोघांकडेच असावयाची : एक बिशप आणि दुसरे त्यांचे दप्तरप्रमुख, ज्यांना चॅन्सेलर म्हणतात. परवानगीवाचून कोणी आत जाऊ नये. कागद बाहेर न्यावयाचा झाल्यास थोड्या मुदतीसाठीच न्यावा आणि तोही अनुमतीने. मात्र ज्याच्या स्वतःच्या जन्माशी वा विवाहाशी एखादा सार्वजनिक स्वरूपाचा कागद निगडित आहे, त्याला त्याची खरी नक्कल मिळण्याचा अधिकार आहे. बंदोबस्त कडक आहे, पण हक्काच्या माणसाला दार उघडे आहे.

आणखी एक तरतूद मोठी शहाणपणाची आहे. धर्मप्रांतातील प्रत्येक चर्चच्या कागदांची यादी दोन प्रतींत करावयाची असते. एक प्रत त्या चर्चमध्ये राहते, दुसरी धर्मप्रांताच्या दप्तरात जाते. गावात आग लागली, पूर आला, किंवा एखादा कागद कोणी हळूच काढून नेला, तरी काय होते आणि काय गेले, हे दुसरी यादी सांगते. बिशपांनी निदान दर पाच वर्षांत आपला सारा धर्मप्रांत फिरून पाहावा, असाही नियम आहे, आणि अशा भेटीत गावच्या चर्चचे दप्तर तपासले जाते. शिवाय, ऐतिहासिक मोलाचे कागद पद्धतशीर लावून त्यांचे स्वतंत्र दप्तर करण्याची जबाबदारी बिशपांवर आहे. १९९७ साली व्हॅटिकनने या दप्तरांविषयी खास परिपत्रक काढले. जुने कागद ही धर्मसंस्थेची स्मृती असून संशोधकांनाही तिचा लाभ व्हावा, असा त्याचा आशय होता.

नियम चांगले म्हणून कागद आपोआप टिकतात, असे मात्र नाही. गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटे घामेजतात. जुनी पोर्तुगीज शाई लोहयुक्त; कालांतराने ती कागदालाच खाऊन टाकते आणि अक्षरांच्या जागी भोके उरतात. कसर आणि वाळवी धर्म पाहत नाहीत. फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चेच पाहा. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला आणि ओवीबद्ध पुराण रचून गेला. ते १६१६ साली छापले गेले, पुढे आणखी दोनदा छापले गेले. परंतु त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखित नकला टिकल्या म्हणून आपल्या मराठीचा हा ठेवा वाचला.

गुप्त कपाट

आता या विषयाच्या अवघड भागाकडे वळले पाहिजे. त्याच धर्मविधानात एका गुप्त दप्तराचीही तरतूद आहे. त्याची किल्ली एकट्या बिशपांकडे असते. नैतिक अपराधांच्या ज्या खटल्यांत अपराधी मृत्यू पावला, किंवा शिक्षेचा निकाल लागून दहा वर्षे लोटली, त्यांचे कागद दरवर्षी नष्ट करावेत. फक्त हकिगतीचा सारांश आणि अंतिम निकाल ठेवावा, असे तेथे म्हटले आहे. मनुष्याची अब्रू जपावी, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. परंतु अलीकडच्या काळात निरनिराळ्या देशांत धर्मगुरूंकडून बालकांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी झाली, तेव्हा या गुप्ततेची दुसरी बाजू जगापुढे आली. जर्मनीतील २०१८ सालच्या अहवालाने काही ठिकाणी कागद नष्ट केल्याच्या वा त्यांत फेरफार केल्याच्या खुणा नोंदविल्या. २०१९ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरील धर्मपीठीय गुप्ततेचे बंधन उठविले. त्याच वर्षी व्हॅटिकनच्या विख्यात दप्तराच्या नावातील ‘गुप्त’ हा शब्दही गाळण्यात आला.

आपल्या गोव्याच्या भूमीने याहून मोठा धडा पाहिलेला आहे. १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. मध्ये काही वर्षांचा खंड सोडला, तर ते १८१२ पर्यंत चालले. किती घरे त्यात पोळली, किती माणसे देशोधडीला लागली, याचा बारीक तपशील त्या खटल्यांच्या कागदांत होता. न्यायासन बंद झाल्यावर त्या कागदांपैकी बहुतेक जाळून टाकण्यात आले. ज्यांनी सोसले, त्यांची कैफियत त्यांच्याबरोबर गेली. पण त्याच न्यायासनाच्या एका अधिकाऱ्याने १६२३ साली तोवरच्या खटल्यांची एक सूची तयार केली होती. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात राहिली. संशोधक आज त्या सूचीच्या आधारे त्या दुर्दैवी माणसांची नावे पुन्हा उच्चारू शकतात. यादी करण्याचे मोल काय, हे याहून अधिक स्पष्ट कोण सांगेल?

कुलदेवतेचा जुना पत्ता

आणि येथेच आमच्या वाचकांच्या देवघराशी या विषयाचा धागा जुळतो. आज मंगेशीला आपण श्रीमंगेशाचे दर्शन घेतो. त्याचे मूळ स्थान कुठ्ठाळी. कवळ्याची श्रीशांतादुर्गा केळशीहून आली, म्हार्दोळची श्रीम्हाळसा वेर्ण्याहून, बांदिवड्याची श्रीमहालक्ष्मी कोलव्याहून. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तेव्हा भक्तांनी रातोरात नदी ओलांडून मूर्ती सुरक्षित स्थळी नेल्याच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. पण त्या मूळ गावांत कोणकोणत्या देवतांची स्थाने होती आणि त्यांच्या कोणत्या जमिनी होत्या, हे आज आपल्याला तपशिलाने कळते ते कशावरून? मुख्यतः त्या जमिनी ताब्यात घेणाऱ्यांनी त्या वेळी केलेल्या याद्यांवरून. ज्या हातांनी देऊळ पाडले, त्याच हातांनी देवतेचे नाव लिहून ठेवले, आणि तो कागद टिकला.

याहूनही नवल वाटावे, अशी एक गोष्ट आहे. सोळाव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी हिंदू समाजाची भाषा व कथा समजून घेण्यासाठी रामायण-महाभारताच्या कोंकणी कथा आणि मराठी काव्ये रोमन लिपीत उतरवून घेतली. ती हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात आजही आहेत. आपल्या प्रभू रामचंद्राची कथा सातासमुद्रापार, परक्या लिपीत, चारशे वर्षे सुखरूप राहिली.

या गोष्टी सांगताना जुन्या जखमा उकराव्यात, असा आमचा हेतू मुळीच नाही. गोव्याच्या गावांत आज हिंदू आणि ख्रिस्ती एकमेकांच्या सणांत आनंदाने सहभागी होतात, ही त्या भूमीची पुण्याई आहे. आमचे सांगणे एवढेच, की दप्तर हे त्याच्या मालकापुरते कधीच नसते. लिहिणारा एका हेतूने लिहितो आणि चार शतकांनी वाचणारा त्यात दुसरेच काही शोधतो. म्हणून दप्तराच्या रक्षकाला आपल्याला भूषणावह असलेले कागद तेवढे जपून चालत नाही. आपल्या चुकीचा कागदही त्याने तितक्याच निष्ठेने जपला पाहिजे. किल्ली हाती असणे हा मान खरा, पण त्याहून अधिक ते ऋण आहे : जे मरून गेले त्यांचे, आणि जे अजून जन्मले नाहीत त्यांचेही.

आपल्या पोटमाळ्यावर

आता पुन्हा त्या कोकणातील पोटमाळ्याकडे येऊ. आपली देवस्थाने, मठ, उपाध्यायांची घरे आणि जुने वाडे यांत आजही कितीतरी रुमाल पडून आहेत. त्यांच्यासाठी मोठी इमारत किंवा मोठा निधी लागतोच, असे नाही. उत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त एकत्र येतात, तेव्हा एक दिवस या कामासाठी द्यावा. प्रत्येक बस्त्यात काय आहे, याची दोन ओळींत नोंद करावी. यादीच्या दोन प्रती कराव्यात. एक देवस्थानात ठेवावी, दुसरी एखाद्या विश्वासू संशोधनसंस्थेकडे द्यावी. किल्ली एकाच हाती न ठेवता दोन जबाबदार माणसांकडे असावी. अभ्यासकाला शक्यतो छायाप्रत द्यावी आणि मूळ कागद जागचा हलवू नये. कोणी, कधी, काय पाहिले, याची वही असावी. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की कपाट उघडून सारे डोळ्यांखालून घालावे.

हा दिवस दसऱ्याचाच का असू नये? पोथीवर फूल वाहण्यापूर्वी तिची सैल झालेली दोरी आवळावी, वस्त्र झटकून वाळवावे, फाटलेले पान अलगद सरळ करावे आणि घरातील मुलाला सांगावे, की बाळ, यातले हे नाव तुझ्या पणजोबांचे आहे. ही सेवा शारदेच्या चरणी खचित रुजू होईल.

वाचकहो, सीमोल्लंघनाचा हा दिवस आहे. शेजारच्या घरी जे चांगले दिसेल, ते आपल्या घरी आणावे, आणि तेथे जे चुकले असेल, ते आपल्या घरी घडू देऊ नये. पोटमाळ्यावरचा तो रुमाल आजच खाली उतरवा. सर्व वाचकांस विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा.